अण्णांचं फेझदर्शन

"बाहेरून निळी आणि आतून हिरवी!" अण्णा वेशीखालून पुढे गेले, वळले, परत मागे आले आणि मान वर करून पुन्हा बघत राहिले. "श्रीरंग, बघितलंस का? एकच वेस, पण येताना एक रंग दिसतो आणि जाताना दुसरा. काय डोकं आहे यांचं!"

मागून गॅसच्या टाक्या लादलेलं एक खेचर येत होतं. खेचरवाला ओरडत होता आणि आमचे अण्णा भर वाटेत नक्षी न्याहाळत उभे. इद्रिसनं त्यांना कोपराला धरून बाजूला ओढलं.

"अण्णा, सांभाळून. इथे खेचराला हॉर्न नसतो, बरं का."

"आभारी आहे, इद्रिससाहेब," अण्णा म्हणाले आणि आपलं कोपर हळूच सोडवून घेतलं.

इद्रिस म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. पण अण्णांनी त्या दोन दिवसांत त्याला जावई सोडून बाकी सगळं मानलं. वाटाड्या मानलं, दुभाषा मानलं, या गावचा जाणकार गृहस्थ मानलं. त्यांच्या तोंडचं ते 'साहेब' ऐकलं की मला घाम फुटायचा. अण्णा उभ्या हयातीत फक्त दोन प्रकारच्या माणसांना साहेब म्हणत आले, वरिष्ठांना आणि ज्यांना लांब ठेवायचं त्यांना.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. माझी ताई वैजयंती हिनं त्याआधी आठ वर्षं इद्रिसशी लग्न केलं होतं. तो पुण्याला फार्मसी शिकायला आला होता, ही फ्रेंच शिकवत होती. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. साक्षीदार म्हणून सही करायला मी गेलो होतो, आई डोळे पुसत मागे उभी होती आणि अण्णा त्या दिवशी मुद्दाम धुळ्याला एका बंधाऱ्याची पाहणी करायला निघून गेले होते. तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बंधाऱ्याला त्यांची काही गरज नव्हती.

त्यानंतर वैजू इद्रिसच्या गावी, फेझला गेली. अण्णा तिच्याशी फोनवर बोलत. पाऊस किती झाला, तब्येत कशी आहे, एवढंच. दर फोनला ती म्हणे, "अण्णा, या ना एकदा," आणि दर फोनला अण्णा रिसीव्हर आईच्या हातात देत.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की त्यांना फेझ शहर बघायचं आहे. अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातली बरीच साक्रीकडे. तिथल्या शेतकऱ्यांची नदीचं पाणी वाटून घ्यायची जुनी फड पद्धत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की फेझमध्येही नदीचं पाणी शेकडो वर्षांपूर्वी चर काढून मशिदींना, हौदांना आणि घराघरांना वाटलेलं होतं.

"मला ते पाणीवाटप बघायचंय," ते म्हणाले. "वैजयंती तिथे राहते हा योगायोग."

"हो का?" गुडघ्याचं ऑपरेशन होऊन खुर्चीत अडकलेली आई म्हणाली. "मग त्या योगायोगासाठी मेतकूट आणि भाजणी देते. घेऊन जा."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "त्यांना तिच्या घरात नेल्याशिवाय परत येऊ नकोस. दारापर्यंत नव्हे, घरात."

हे सोपं असतं तर मी कशाला सांगत बसलो असतो? अण्णांनी वेशीबाहेरच्या हॉटेलात खोली घेतली. मी वैजूला फोन करून म्हटलं, तूच ये भेटायला. ती म्हणाली, "मी हॉटेलवर येणार नाही. ते माझे वडील आहेत, टूरिस्ट नाहीत. माझ्या घरी या म्हणावं." अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघू. आधी गाव बघून होऊ दे." दोघांचाही हट्ट एकाच कापडातला. मधल्यामध्ये बिचाऱ्या इद्रिसनं औषधांचं दुकान बंद ठेवलं आणि सासऱ्याला गाव दाखवायला निघाला.

पहिला दिवस टेकडीवरचा किल्ला, राजवाड्याची पितळी दारं आणि एक मोठी बाग यांत गेला. आज दुसरा दिवस, शुक्रवार. उद्या सकाळी विमान. आईनं दिलेली पिशवी माझ्या खांद्याला होती आणि तिच्यातून मेतकुटाचा वास येत होता.

वेशीतून आत गेलं की फेझचं जुनं गाव उतरत जातं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची. गाडी नाही, रिक्षा नाही, स्कूटरसुद्धा क्वचितच. डाव्या हाताला ऑलिव्हचे ढीग, उजव्या हाताला खजूर, मध्येच सुतारांच्या दुकानातून देवदाराच्या भुशाचा वास. मी जग थोडंफार पाहिलं आहे, पण हजार वर्षांचं गाव असं रोजच्या कामाला लागलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तिथे कुणी जुनेपणाचं प्रदर्शन मांडून बसलेलं नव्हतं. लोक पाव घेऊन घरी चालले होते.

इद्रिसनं आम्हाला एका जुन्या मदरशात नेलं. साध्या दारातून आत शिरलो आणि अण्णांचा 'अहाहा' माझ्या आधी निघाला. चारी भिंतींना खाली रंगीत फरश्यांची नक्षी, त्यावर चुन्याच्या गिलाव्यातलं कोरीवकाम, त्याच्याही वर काळपट लाकडाची जाळी. बोटभर जागा रिकामी सोडलेली नव्हती, तरी डोळ्याला जराही गर्दी वाटत नव्हती. मी वर बघत राहिलो. अण्णा मात्र खाली बघत होते. चौकातून पाण्याचा एक पाट गेलेला होता. त्याच्या काठाशी ते उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून उतार बघायला लागले.

"इद्रिससाहेब, हे पाणी नदीचं?"

"हो अण्णा. पूर्वी नदीतून थेट यायचा. आधी इथे, मग हौदाला, मग खालच्या घरांना."

"म्हणजे वरच्यानं खालच्याचा वाटा राखून ठेवायचा."

"राखला नाही तर भांडण," इद्रिस हसला. "मग पंच लोक यायचे. पाणी जाणणारे."

"पाटकरी!" अण्णा आनंदानं ओरडले. "आमच्याकडेही असतो. अहो, अगदी आमच्यासारखंच!" आणि त्यांनी इद्रिसच्या पाठीवर थाप मारली. मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. थाप मारलेला हात त्यांनी हळूच खिशात घातला.

बाहेर आलो तर गल्लीच्या समोरच्याच बाजूला भिंतीवर एक जुनं पाण्याचं घड्याळ होतं. नुसते लाकडाचे दांडे उरलेले, खिडक्यांची एक ओळ आणि खाली पितळी वाट्यांच्या जागा. ते नेमकं कसं चालायचं, हे आज कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही असं इद्रिस म्हणाला. झालं! अण्णा तिथून हलेचनात. गोळी कुठून पडत असेल, तरंगता ठोकळा कुठे असेल, पाणी कुठल्या वेगानं सोडलं असेल, हे सगळं ते हवेत बोटानं काढून दाखवत होते आणि इद्रिस पुढे पुढे होऊन शंका विचारत होता. मला क्षणभर वाटलं, हा जावई अण्णांनी स्वतः बघून आणला असता तर गावभर मिरवला असता.

मग तांबटांच्या चौकात भांडी ठोकण्याचा ताल ऐकला. तिथून एका दुकानाच्या गच्चीवर चढून चामडं कमावण्याचे हौद बघितले. वर चढताना प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची एक काडी देतात. का देतात ते वर गेल्यावर कळतं. खाली पांढरे, पिवळे, तांबडे, तपकिरी असे दगडी हौद एकाला एक चिकटून होते आणि माणसं मांड्यांपर्यंत रंगात उतरून कातडी तुडवत होती. मी पुदिना नाकाला घट्ट धरला. अण्णांनी थोड्या वेळानं आपली काडी खाली केली.

"ती माणसं दिवसभर हा वास घेतात," ते म्हणाले. "आपण घटकाभर घेतला तर काय बिघडतं?"

अण्णा असे आहेत. असे होते. जगातल्या कुणाही कष्टकऱ्यासाठी त्यांच्या डोळ्यांत चटकन पाणी यायचं. फक्त एका माणसाच्या बाबतीत त्यांनी झडपा बंद करून ठेवल्या होत्या, आणि ती मुलगी इथून चार गल्ल्या पलीकडे सकाळपासून स्वयंपाक करत होती.

दुपारच्या नमाजाच्या आधी आम्ही कारावीनच्या मोठ्या मशिदीपाशी आलो. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, पण दार उघडं असलं की बाहेरून बघता येतं.

"ही एका बाईने बांधली," इद्रिस सांगत होता. "फातिमा तिचं नाव. बापाचं घर कैरवान, लांब. बाप वारला, जे ठेवलं होतं ते तिने सगळं इथे घातलं. असं आमच्याकडे सांगतात. मग इथे विद्यापीठ झालं. अकराशे वर्षं!"

"एका मुलीनं," अण्णा म्हणाले.

"एका मुलीने," इद्रिस म्हणाला. "तुम्ही इथे बसा. मी नमाज करून येतो."

तो आत गेला. आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो. उघड्या दारातून भलंमोठं अंगण दिसत होतं, ऊन पडून चकाकणाऱ्या फरश्या, मधोमध कारंजं, कडेला कमानींच्या रांगा. इद्रिस कारंज्यापाशी वाकून हातपाय धूत होता. अण्णा मान तिरकी करकरून आत बघत होते. "अजून थोडं डावीकडचं दिसायला पाहिजे होतं. आत जाता आलं असतं तर फार बरं झालं असतं."

माझा संयम सुटला. "अण्णा, जिथे आत जाता येत नाही तिथे तुम्ही माना वाकड्या करताय. आणि जिथे कालपासून दार उघडं ठेवून बसलेत, तिथे?"

अण्णांनी दाराकडची मान वळवून घेतली. मग म्हणाले, "लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये. आपल्याकडची रीत आहे. माझ्या आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली."

"तुम्ही कधीपासून रीत पाळायला लागलात? मुंजीतलं जानवं दुसऱ्या वर्षी खुंटीला टांगलं होतंत ना?"

"काही गोष्टी पाळायच्या असतात."

"अण्णा, वैजूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. तुम्हाला माहीत आहे. ही रीत तिच्या कानावर घातलीत ना, तर ती उभ्या जन्मात तुमचं तोंड बघणार नाही. आणि मीही तिला दोष देणार नाही."

असं मी अण्णांशी कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता फटकारतील. पण त्यांनी चष्मा काढला आणि धोतराचा सोगा शोधावा तसा शर्टाचा कोपरा शोधून पुसायला लागले.

"जाऊन काय सांगू रे तिला?" ते म्हणाले. "तिनं बोलावलं नसतं तर एखादवेळी गेलोही असतो. पण आठ वर्षं ती बोलावतेय आणि मी फोन तुझ्या आईकडे देतोय. आता कुठल्या तोंडानं जाऊन पाटावर बसू?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

नमाज संपला. लोक बाहेर पडले, एकमेकांना भेटले, आणि बघता बघता गल्ल्या रिकाम्या व्हायला लागल्या. इद्रिस बाहेर आला तेव्हा दुकानांना फळ्या लागत होत्या, कुलपं पडत होती. सकाळी जिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती, तिथे एक मांजर आरामात आडवं झालं होतं.

"आता काय बघायचं?" अण्णांनी विचारलं.

"आता काही नाही, अण्णा."

"नाही कसं? एवढं मोठं गाव आहे."

"शुक्रवार आहे ना. दुपारी सगळा बंद. आज सगळ्यांच्या घरी कुसकुस असतो, वाफवलेला रवा आणि भाज्या. आता सगळे घरी जातात." इद्रिसनं चपळाईनं पुढची गल्ली धरली. "चला, हॉटेलला याच वाटेने जाऊ."

ती वाट हॉटेलकडे जाणारी नव्हती. हे मला कळत होतं आणि पाण्याचे उतार मोजण्यात आयुष्य काढलेल्या अण्णांना तर नक्कीच कळत होतं, कारण हॉटेल चढावर होतं आणि आम्ही उतरत होतो. पण ते मुकाट्यानं चालत राहिले. बंद दारांच्या आडून भांड्यांचे आवाज येत होते, मोठ्यानं हसणं येत होतं, शिजलेल्या भाज्यांचा आणि केशराचा वास येत होता. सगळं गाव आपापल्या घरात जेवायला बसलं होतं आणि आम्ही तेवढे तिघं बाहेर.

एका बोळाच्या टोकाला खिळे ठोकलेलं एक जुनं लाकडी दार होतं. इद्रिस थांबला.

"हे माझं घर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर पुढे जाऊ. मी जबरदस्ती नाही करणार. वैजयंतीने सांगितलंय, अण्णांना ओढून आणू नकोस."

अण्णा दाराकडे बघत होते. सवयच ती, नवीन वस्तू दिसली की तिची रचना आधी समजून घ्यायची. "या दोन कड्या कशासाठी?" त्यांनी विचारलं. दाराला खरंच दोन कड्या होत्या, एक वर मोठी आणि एक खाली लहान.

"जुन्या घरांना असतात. मोठी पाहुण्यांसाठी, लहान घरच्यांसाठी. दोन्हींचा आवाज वेगळा येतो. मग आतल्या बायकांना बसल्या जागी समजतं, बाहेर कोण आहे. पाहुणा असेल तर पदर नीट करायचा, चांगले कप काढायचे. घरचा असेल तर कशाला उठायचं?"

"आणि सासरा?"

इद्रिस गडबडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सासरा म्हणजे फार मोठा पाहुणा, अण्णा. मोठी कडी."

अण्णांनी मान डोलावली. ओठ हलत होते, एखादा हिशेब जुळवताना हलायचे तसे. मग ते पुढे झाले, थोडे वाकले आणि खालची लहान कडी दोनदा वाजवली.

आतून वैजूचा आवाज आला, चक्क मराठीत. "आले, आले! किल्ली परत विसरलास ना? आणि एकटाच आलास? मी म्हटलं नव्हतं, ते नाही यायचे म्हणून!"

दार उघडलं. वैजू समोर उभी होती. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले, केस कसेतरी वर बांधलेले, अंगात जुना सैल झगा. फोटोत दिसायची त्यापेक्षा बरीच वाळलेली. तिनं आधी इद्रिसकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला, रडू येतंय आणि येऊ द्यायचं नाही असा.

अखेर अण्णाच म्हणाले, "पाणी दे गं. सकाळपासून हिंडतोय."

वैजू हलली नाही. तिचीही ती रीत ऐकलेलीच होती, आमच्याच आजीच्या तोंडून. तिनं अण्णांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मला मूल झालेलं नाही, अण्णा. आता होईल असं वाटतही नाही."

इद्रिसनं मान खाली घातली.

"ती रीत दिलेल्या मुलीची, वैजू," अण्णा म्हणाले. "तुला मी कुठे कुणाला दिलीय? कन्यादान करायला मी होतो कुठे? तू माझ्याच घरची आहेस अजून. आणि आपल्या घरी पाणी प्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही."

वैजू बघतच राहिली. मग तिनं पिठाचे हात तोंडावर दाबले आणि हुंदक्यातूनच हसली.

"हे सुचायला आठ वर्षं लागली तुम्हाला?"

"लागली," अण्णा म्हणाले. "पाणी आणतेस ना?"

ती आत धावली. अण्णांनी इद्रिसच्या खांद्याचा आधार घेतला आणि उंबरठ्यावर टेकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. "बघतोस काय?" ते इद्रिसला म्हणाले. "घट्ट बसलीये, जरा सोड ना रे."